कचेरीतली उमेदवारी

पालीला लोक दोन कारणांनी येतात. एक बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आणि दुसरे कचेरीच्या कामाला. देवळात रांग असते, कचेरीतही रांग असते. देवळातल्या रांगेत कोणी घाबरत नाही. कचेरीच्या रांगेत मात्र भले भले घाबरतात. टेबलापलीकडचा माणूस काय विचारील, आपल्याला काय सांगता येईल, ही धास्ती असते.

आमच्या साक्षरतेच्या वर्गात आम्ही मंडळींना विचारतो, "लिहायला-वाचायला कशासाठी शिकायचं?" पुष्कळ जण म्हणतात, "कचेरीत कुणी फसवू नये म्हणून." उत्तर खरे आहे. पण टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूसही कधीतरी नवा असतो. तोही पहिल्या दिवशी घाबरलेला असतो. त्यालाही धडे गिरवावे लागतात. आज आपण त्याची गोष्ट वाचू. ती वाचली म्हणजे टेबलाच्या अलीकडे कसे उभे राहावे, हेही आपल्याला कळेल.

उमेदवार म्हणजे कोण?

उमेद हा शब्द फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. जो आशा धरून बसतो तो उमेदवार. पूर्वी मामलेदार कचेरीत गावोगावची तरुण मुले येऊन बसत. पगार नसे. कारकुनाच्या हाताखाली नकला करायच्या, दप्तर बांधायचे, सोडायचे. आज ना उद्या जागा मिळेल ही आशा. या बसण्याला लोक 'उमेदवारी करणे' म्हणत. आज निवडणुकीला उभा राहणाराही उमेदवारच. आशा दोघांनाही असते!

आपल्या पालीचा आणि दप्तराचा संबंध तर फार जुना आहे. छत्रपतींच्या अष्टप्रधानांत सचिव नावाचे एक प्रधान असत. हुकूम आणि पत्रे तपासायची, हिशेबाचे कागद बघायचे, चूक असेल तर दुरुस्त करायची, हे त्यांचे काम. या पंत सचिवांच्या घराण्याकडे पुढे भोर संस्थान होते आणि आपला सुधागड तालुका त्याच संस्थानात होता. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सुधागड कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले.

तेव्हा गावचे दप्तर पिढीजात माणसांच्या हाती असे. बापामागून मुलगा. ज्याच्या घरात दप्तर, त्याच्या हातात गाव. मुंबई राज्यात १९५० साली कायदा झाला आणि कुलकर्णी वतने गेली. १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी तीन पायऱ्यांची रचना महाराष्ट्रात सुरू झाली. १९९३ साली तर पंचायतींना घटनेतच जागा मिळाली. पाली गावाला आता नगरपंचायत आहे. तिची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये झाली. आसपासच्या खेड्यांना ग्रामपंचायती आहेत. आता गावचे दप्तर कोणा एका घराचे नाही, सगळ्या गावाचे आहे. म्हणून ते शिकायला कोणाच्याही घरची मुलगी जाऊ शकते.

अशीच एक मुलगी गेली.

पहिला दिवस

९ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा हुकूम काढला. १८ ते ३५ वयाच्या मुलामुलींनी सहा महिने प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकायचे. कारखान्यात, दुकानात किंवा सरकारी कचेरीत. बारावी झालेल्याला महिना ६००० रुपये, आय. टी. आय. किंवा पदविका असेल तर ८०००, पदवी असेल तर १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. ही जुनी उमेदवारीच. फरक एवढाच, की आता हातात चार पैसे पडू लागले.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंची मुलगी बारावी झालेली. तिने अर्ज केला. पालीच्या आसपासच्या एका ग्रामपंचायतीत तिला जागा मिळाली. गावाचे नाव आम्ही सांगत नाही, त्याची गरजही नाही. सोमवार, १२ ऑगस्ट २०२४ रोजी ती रुजू झाली.

तिला वाटले होते, टेबल-खुर्ची मिळेल. मिळाले एक स्टूल आणि कपाटाच्या किल्ल्या. ग्रामसेवकांना गावात सगळे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब म्हणाले, "आठ दिवस नुसतं बघ. कुठली वही कुठं असते ते शीक. पेन नंतर."

मुलगी जरा हिरमुसली. पण शिपाईकाकांनी तिला एकेक वही काढून दाखवली. आपणही त्या बघून घेऊ.

पहिली, आवक-जावक. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवक वहीत लिहायचा. त्याला नंबर द्यायचा, तारीख घालायची. इथून गेलेला कागद जावक वहीत. ज्या कागदाला आवक नंबर नाही, तो कागद आलाच नाही असे समजा.

दुसरी, नमुना ८. ही कर आकारणीची वही. गावातले घर कोणाच्या नावे, किती मोठे, कसल्या बांधणीचे, घरपट्टी किती, हे यात असते. मागणी किती आणि भरले किती, हे नमुना ९ मध्ये. आपण पैसे भरले की मिळते ती पावती नमुना १०.

तिसरी, रोकडवही. रोजचा जमाखर्च रोज लिहायचा. उद्यावर ठेवायचा नाही. गावाचा पैसा बँकेतून निघतो तो सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीने. एकट्याच्या सहीने निघत नाही.

चौथी, सभेची वही. लोक तिला प्रोसिडिंग म्हणतात. ठराव कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिले, काय ठरले, ते यात असते.

पाचवी, जन्म-मृत्यूची नोंद. या वहीत चूक झाली तर माणसाला जन्मभर पुरते. म्हणून भाऊसाहेब ती नोंद स्वतः बघत.

काकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. "वहीत चुकलं तर खोडरबर लावायचा नाही, वर गिरवायचं नाही. एक सरळ रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर लिहायचं आणि भाऊसाहेबांची सही घ्यायची." चूक लपवली की ती गुन्हा होते, दाखवली की ती दुरुस्ती होते.

चौथ्याच दिवशी १५ ऑगस्टची ग्रामसभा आली. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावातल्या मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १०० जण, यांतला जो आकडा लहान असेल तितके लोक हजर पाहिजेत. मुलीने हजेरीची वही धरली. एकेक जण येई आणि सही करी. कोणी अंगठा उठवी. तिची आईही आली. तिने पदराला हात पुसले आणि सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. वही मुलीने धरली होती. दोघी काही बोलल्या नाहीत.

वाडीवरची बाई

गुरुवार, २२ ऑगस्ट. पाऊस चालूच होता. वाडीवरून एक बाई आली. वय पन्नाशीच्या आत. तिचा नवरा गेल्या वर्षी घरीच वारला. तेव्हा नदीला पाणी होते, रस्ता अडला होता, मुले लहान. नोंद करायला कोणी आले नाही. आता कोणीतरी सांगितले, की विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात. पण त्याला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लागतो. आणि नोंदच नाही, तर दाखला कुठला?

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. जन्म आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा १९६९ सालचा आहे. २०२३ साली त्यात सुधारणा झाली. घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत कळवायचे. तेव्हा फी लागत नाही. ३० दिवसांपर्यंत थोडी उशिराची फी भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर, पण एक वर्षाच्या आत, वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्यासोबत आपण स्वतः सही केलेला कागद आणि फी. आणि एक वर्ष उलटले, की मग मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. म्हणजे हेलपाटे, पुरावे, आणि दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडणार.

कचेरीत एक जुने कर्मचारी होते. त्यांनी बाईला विचारले, "कधी वारला?"

"नारळी पुनवेच्या आदल्या दिशी."

"अहो मावशी, नारळी पुनव परवा सोमवारीच झाली की! वर्ष उलटलं. आता आमच्या हातात नाही. मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा."

बाई उठली. तिने छत्री घेतली. तिला काही विचारायचे होते, पण काय विचारायचे ते सुचेना.

कर्मचारी वाईट नव्हते. त्यांनी तोंडी हिशेब केला, इतकेच. पण मुलगी स्टुलावर बसून ऐकत होती. तिला आठवले, गेल्या वर्षी श्रावण दोन झाले होते. ती पायरीवर गेली आणि म्हणाली, "मावशी, जरा थांबा. गेल्या साली धोंड्याचा महिना होता ना? तुमचे मालक त्याच्या आधी वारले की नंतर?"

"नंतर, बाय. धोंडा सरला, मग पंधरा दिसांनी."

मुलगी धावत घरी गेली. तिच्या आईने गेल्या सालचे कॅलेंडर टाकले नव्हते, त्यावर दुधाचा हिशेब होता. ते घेऊन ती आली. २०२४ ची नारळी पौर्णिमा होती १९ ऑगस्टला. पण २०२३ ची होती ३० ऑगस्टला! म्हणजे मृत्यूची तारीख २९ ऑगस्ट २०२३. वर्ष उलटायला अजून सात दिवस होते.

असे का झाले?

चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढायला साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना धरतात. त्यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो. २०२३ साली १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण होता. म्हणून त्या साली नारळी पौर्णिमा लांबली. पुढच्या साली ती पुन्हा अकरा दिवस अलीकडे आली. तिथीने बघितले तर वर्षश्राद्ध होऊन गेले होते. पण सरकारी वर्ष तिथीने मोजत नाहीत. १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस कायद्यात सांगितले आहे, की कायद्यात वर्ष म्हटले म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचे वर्ष.

मुलीने कॅलेंडर भाऊसाहेबांपुढे ठेवले. भाऊसाहेबांनी ते दोनदा बघितले. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण नुसत्या तिथीवर मी सही करणार नाही. कागद पाहिजे."

मुलीने बाईला विचारले, "मालकांना दवाखान्यात नेलं होतं का?" बाईने कनवटीला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडली. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि घडी घालून घालून फाटत आलेला दवाखान्याचा केसपेपर. त्यावर तारीख होती २६ ऑगस्ट २०२३. ज्या माणसाला २६ तारखेला डॉक्टरांनी तपासले, तो त्या दिवशी जिवंत होता. मग २२ ऑगस्टला वर्ष उलटेल कसे?

जुन्या कर्मचाऱ्यांनी चष्मा लावून केसपेपर वाचला. "माझी चूक झाली, मावशी. बसा," असे म्हणून त्यांनी बाईला स्वतः पाणी आणून दिले.

मुलीची चूक

आता पेन मुलीच्या हातात आले. मृत्यूची माहिती कळवायचा नमुना २ तिने भरला. उशीर का झाला त्याचा कागद लिहिला. आणि भाऊसाहेबांना दाखवायला उठली.

भाऊसाहेब म्हणाले, "आधी त्यांना वाचून दाखव."

तिने मोठ्याने वाचले. बाई ऐकत होती. मयताचे नाव आले तशी ती म्हणाली, "हे नाव वाडीवरचं, बाय. कार्डावर दुसरं आहे."

खरेच होते. मुलीने बाईच्या तोंडून ऐकलेले नाव लिहिले होते. आधारकार्डावर आणि रेशनकार्डावर वेगळे नाव होते. तो कागद तसाच गेला असता, तर दाखल्यावर एक नाव आणि कार्डावर दुसरे नाव आले असते. पेन्शनच्या अर्जात "हा तुमचाच नवरा कशावरून?" असा प्रश्न आला असता. मुलीचा चेहरा उतरला. भाऊसाहेब रागावले नाहीत. त्यांनी कोरा नमुना पुढे केला. "पुन्हा लिही. कार्ड समोर ठेव आणि अक्षर अक्षर बघून लिही."

दुसऱ्यांदा लिहिलेला कागद पुन्हा वाचून दाखवला. मग बाईने अंगठा उठवला. कागदाला आवक नंबर पडला आणि बाईच्या हातात पोच दिली. परवानगीसाठी प्रकरण त्याच दिवशी वर गेले. २९ तारखेच्या आत परवानगी आली, फी भरली आणि नोंद झाली. दाखला घेऊन बाई पालीला तहसील कचेरीत गेली आणि तिने निराधार योजनेचा अर्ज दिला.

आपण काय शिकलो?

जो कचेरीत उमेदवारी करायला जाईल, त्याने चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, माणसाला परत पाठवण्याआधी कागद बघा. "होत नाही" हे शब्द तोंडून फार लवकर निघतात. दुसरी, लोकांची तिथी, सण, 'भात लावणीच्या वेळी' असल्या खुणा यांना हसू नका. त्यांतूनच तारीख सापडते. तिसरी, नाव कागदावरून लिहा, कानावरून लिहू नका. चौथी, वाचून दाखवल्याशिवाय कोणाचा अंगठा घेऊ नका.

आणि आपण जे टेबलाच्या अलीकडे उभे असतो, त्यांनीही चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घरात जन्म किंवा मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत नोंद करा. दवाखान्याचा साधा केसपेपरही टाकू नका. अर्ज दिला की पोच मागा, तिच्यावर नंबर आणि तारीख बघा. "होत नाही" असे कोणी म्हणाले, तर शांतपणे विचारा, "कोणत्या नियमाने? लिहून द्याल का?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. ठरलेल्या दिवसांत दाखला मिळणे हा आपला हक्क आहे. हक्क माहीत असलेला माणूस रांगेत घाबरत नाही.

पुढे काय?

तुम्ही विचाराल, त्या मुलीला नोकरी लागली का? खरे ते सांगितले पाहिजे. या योजनेत नोकरीचे वचन नव्हते. सहा महिन्यांची मुदत २०२५ साली आणखी पाच महिने वाढवली, म्हणजे सगळे मिळून अकरा महिने झाले. ठिकठिकाणच्या प्रशिक्षणार्थींनी आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनेही केली. त्यांचे दुःख खोटे नव्हते. काम शिकले, कामाची गोडी लागली आणि मुदत संपली, तर कोणालाही वाईट वाटणारच.

पण दारे अगदीच बंद नाहीत. जिल्हा परिषदेची भरती निघते तेव्हा परीक्षा देता येते. ग्रामसेवकाच्या जागेवर निवड झाली, की पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. तीही एक उमेदवारीच. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव द्यायचे ठरवले. गावात मात्र लोक अजून भाऊसाहेबच म्हणतात.

ती मुलगी आता परीक्षेचा अभ्यास करते. संध्याकाळी आईची वही तपासते. वाडीवरच्या बायका कागद घेऊन तिच्या दारात येतात. ती आधी कागद मोठ्याने वाचून दाखवते, मग पेन उचलते.

शब्दांचे अर्थ

दप्तर : कचेरीतल्या वह्या आणि कागदपत्रे
मयत : मेलेला माणूस
पोच : कागद मिळाल्याची खूण
विद्यावेतन : शिकताना मिळणारे पैसे
अनुमोदन : ठरावाला दुसऱ्याने दिलेली साथ

विचार करा आणि सांगा

१. वहीत चूक झाली तर ती कशी दुरुस्त करावी?
२. दवाखान्याच्या केसपेपरवरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
३. २०२३ साली नारळी पौर्णिमा का लांबली?
४. तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावे आधारकार्डावर आणि रेशनकार्डावर सारखी आहेत का? आज घरी जाऊन दोन्ही कार्डे शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर वाचून बघा.
५. तुमच्या घराचा नमुना ८ कोणाच्या नावे आहे? ग्रामपंचायतीत जाऊन उतारा मागा. तो स्वतः वाचा.